वायरशार्क: नेटवर्कच्या फॉरेन्सिक तपासात कितपत भरवशाचा?

घुसखोरीचा संशय आला आणि पकडलेल्या पॅकेटांची, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या छोट्या तुकड्यांची, फाइल हाती पडली की बहुतेक जण ती आधी वायरशार्क या पॅकेट्स वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडतात. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ साली ‘इथेरियल’ या नावाने हा प्रकल्प लोकांपुढे आणला. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००६ मध्ये त्याचे नाव वायरशार्क झाले. आज त्याला तीन हजारांहून जास्त प्रोटोकॉल (यंत्रांमधल्या संवादाचे नियम) वाचता येतात. तो जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मोफत मिळतो आणि विंडोज, मॅकओएस, लिनक्स या तिन्हींवर चालतो. बिघाड शोधण्याचे साधन म्हणून त्याच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. इथे मात्र त्याच्याकडे तपासाच्या नजरेने पाहिले आहे. काय घडले, केव्हा घडले, कुठून कुठे गेले, किती डेटा बाहेर पडला, हे वायरशार्कच्या आधारे सांगितले आणि नंतर दुसऱ्या तपासनिसाने तीच फाइल स्वतःच्या मशीनवर उघडली, तर त्याला तेच दिसेल का?

दिसेल, पण आपोआप नाही. एकेका पॅकेटच्या तळाशी जाण्यासाठी याच्या तोडीचे साधन आम्हाला माहीत नाही. त्याच्या मूळ सेटिंग्ज मात्र नेटवर्क चालवणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत, पुरावा हाताळणाऱ्यांच्या नाहीत. शिवाय पडद्यावर जे दिसते त्यात दोन थर मिसळलेले असतात: पॅकेटमध्ये खरोखर असलेले बाइट्स आणि वायरशार्कने त्यांचा लावलेला अर्थ. हे दोन थर वेगळे ओळखता आले तर साधन भरवशाचे आहे. ओळखता आले नाहीत तर अहवालात चुकीची विधाने अगदी सहज शिरतात.

चौकोनी कंसातले काय असते?

पॅकेटच्या तपशिलात काही ओळी चौकोनी कंसात दिसतात. ‘रिट्रान्समिशन’ (पुन्हा पाठवलेले पॅकेट), ‘प्रीव्हियस सेगमेंट नॉट कॅप्चर्ड’ (आधीचा तुकडा पकडला गेला नाही), स्ट्रीमचा म्हणजे एका जोडणीचा क्रमांक, उत्तराला लागलेला वेळ, हे सगळे त्या कंसांत असते. यातले काहीही तारेवरून आलेले नाही. आजूबाजूची पॅकेट्स पाहून वायरशार्कने ते स्वतः काढलेले आहे. कंसाबाहेरच्या ओळीवर क्लिक केले की खालच्या हेक्स (सोळा-आधारी आकड्यांच्या) चौकटीत नेमके बाइट्स उजळतात, कंसातल्या ओळीमागे मात्र असे स्वतःचे बाइट्स नसतात. अहवालात एखादे विधान लिहिण्याआधी ही तपासणी प्रत्येक वेळी करावी. काही सेकंदांचे काम आहे.

फ्रेम क्रमांक, म्हणजे यादीतला पॅकेटचा अनुक्रमांक, हाही याच जातीचा. तो पॅकेटमध्ये नसतो, फाइलमधल्या जागेवरून ठरतो. फिल्टर लावून निवडक पॅकेट्स नव्या फाइलमध्ये साठवली की क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. वायरशार्कसोबतच्या मर्जकॅप प्रोग्रामने दोन फाइली जोडल्या की सगळेच क्रमांक सरकतात. म्हणून ‘फ्रेम ४८१२ मध्ये लॉगिन दिसते’ एवढे लिहून भागत नाही. सोबत फाइलचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा), पॅकेटची यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आणि दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट (मशीनवरच्या सेवांचे क्रमांक) द्यावेत. टीसीपी (डेटा क्रमाने आणि पोच घेऊन पोहोचवणारा प्रोटोकॉल) स्ट्रीमच्या क्रमांकालाही हाच नियम. पाठवलेले बाइट्स मोजणारा सीक्वेन्स क्रमांक वायरशार्क मुळात सापेक्ष दाखवतो, म्हणजे प्रत्येक जोडणी शून्यापासून सुरू झालेली दिसते. वाचायला हे सोपे जाते, पण फायरवॉलच्या लॉगमधला खरा क्रमांक त्याच्याशी जुळत नाही. टीसीपीच्या प्रेफरन्सेसमध्ये हा पर्याय बंद करता येतो.

‘एक्स्पर्ट इन्फर्मेशन’ ही खिडकी नवख्यांना फार आवडते, कारण ती लाल-पिवळ्या रंगांत तयार निदान देते. तिच्याकडे सुगावा म्हणून पाहावे. उदाहरणार्थ, एकाच आयपी पत्त्यासाठी दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) दिसले की ती ‘डुप्लिकेट आयपी’ असा इशारा देते. हे एआरपी स्पूफिंग (दुसऱ्याचा पत्ता आपला म्हणून सांगणे) असू शकते, पण दोन राउटरांतला फेलओव्हर (एक बंद पडल्यावर दुसऱ्याने जागा घेणे) किंवा पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने नुकताच दुसऱ्याला दिलेला पत्ताही असू शकतो. निर्णय तपासनिसाने आजूबाजूची पॅकेट्स पाहून घ्यायचा आहे.

पॅकेट्स पकडताना

वायरशार्कच्या खिडकीतून थेट पकडणे चौकशीसाठी टाळावे. प्रत्यक्ष पकडण्याचे काम डम्पकॅप नावाचा छोटा प्रोग्राम करतो, आणि तो वेगळाही चालवता येतो. तोच चालवावा. टीशार्क (वायरशार्कचे कमांड-लाइन रूप) आणि वायरशार्क प्रत्येक जोडणीची स्थिती स्मरणात ठेवत जातात, त्यामुळे तासन्‌तास चालू ठेवले की मेमरी फुगत जाऊन शेवटी प्रोग्राम कोसळतो. डम्पकॅप पॅकेटांचा अर्थ लावत बसत नाही, फक्त फाइलमध्ये लिहितो. विशेषाधिकारही फक्त त्यालाच द्यावेत. लिनक्सवर त्यासाठी वेगळा गट करता येतो. संपूर्ण वायरशार्क रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवण्याची गरज कुठेच पडत नाही.

डिस्कचा हिशेब आधी करावा. सरासरी २०० मेगाबिट वेगाने भरलेल्या लिंकवर सेकंदाला २५ मेगाबाइट, तासाला ९० गिगाबाइट आणि दिवसाला सुमारे २.१६ टेराबाइट जमतात. १ गिगाबाइटच्या फाइली केल्या तर दर ४० सेकंदांना एक फाइल भरते. डम्पकॅपच्या रिंग बफरमध्ये (जुन्या फाइली पुसून नव्या लिहीत राहण्याच्या पद्धतीत) फाइलचा आकार आणि फाइलींची संख्या दोन्ही द्यावीत. संख्या द्यायची राहिली तर डिस्क भरेपर्यंत तो लिहीत राहतो. संख्या कमी दिली तर नेमका हवा तो तास नव्या फाइलींखाली पुसला जातो. घटना कळायला दोन दिवस लागू शकतात असे गृहीत धरले तर वरच्या लिंकला किमान ४.५ टेराबाइट जागा लागेल.

जागा वाचवण्यासाठी काही जण प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइट्सच ठेवतात. ईथरनेटचे १४, आयपीव्ही४ चे २० आणि टीसीपीचे जास्तीत जास्त ६० मिळून ९४ होतात, म्हणजे हेडर (पत्ते वगैरे असलेला सुरुवातीचा भाग) बचावते. पण टीएलएस या कूटबद्ध जोडणीच्या पहिल्या संदेशातले सर्व्हरचे नाव, नावांवरून पत्ते सांगणाऱ्या डीएनएसमधली लांब नावे, एचटीटीपीची विनंती, सगळे कापले जाते. वायरशार्क अशा ठिकाणी ‘पॅकेट साइझ लिमिटेड ड्युरिंग कॅप्चर’ असे सांगतो, पण गेलेले परत येत नाही. मूळ मर्यादा २,६२,१४४ बाइट्सची आहे, तिला हात लावू नये.

कॅप्चर फिल्टर, म्हणजे कोणती पॅकेट्स पकडायची ते ठरवणारी अट, हा त्याहून मोठा धोका. पकडलेल्यांतून काय दाखवायचे ते ठरवणारा डिस्प्ले फिल्टर चुकला तर दुरुस्त करून पुन्हा लावता येतो. कॅप्चर फिल्टरने वगळलेले पॅकेट मात्र कायमचे गेले. त्यात दोन खाचखळगे नेहमीचे आहेत. व्हीलॅनचा (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) टॅग लागलेल्या पॅकेटांवर साधा ‘होस्ट अमुक’ फिल्टर लागू पडत नाही, कारण टॅगमुळे पुढचे हेडर ४ बाइट्सनी सरकते आणि फिल्टर चुकीच्या जागी पाहतो. ‘व्हीलॅन आणि होस्ट अमुक’ असे वेगळे लिहावे लागते. दुसरे म्हणजे, पोर्टवर आधारित फिल्टर आयपी फ्रॅगमेंटांतला (मोठ्या पॅकेटच्या तुकड्यांतला) फक्त पहिला तुकडा पकडतो. पुढच्या तुकड्यांत पोर्टचे हेडरच नसते. शक्य असेल तिथे फिल्टर न लावता पकडावे. नाइलाज असेल तर निदान पोर्टने न गाळता फक्त पत्त्यांवर गाळावे.

पॅकेट्स कुठून पकडली हे तितकेच महत्त्वाचे. स्विचच्या मिरर पोर्टवर (वाहतुकीची प्रत देणाऱ्या सॉकेटवर) १ गिगाबिटची दुतर्फा लिंक आरशासारखी वळवली तर दोन्ही दिशांचे मिळून २ गिगाबिट होऊ शकतात, आणि १ गिगाबिटचा मिरर पोर्ट ते पेलू शकत नाही. जास्तीचे पॅकेट स्विचमध्येच गळते. वायरशार्कच्या तळपट्टीतला ‘ड्रॉप्ड’ आकडा तिथे शून्यच राहतो, कारण तो फक्त पकडणाऱ्या मशीनवरची गळती मोजतो. ही गळती ओळखण्याची खूण आहे ‘एक्ड अनसीन सेगमेंट’ हा इशारा. समोरच्याने डेटा मिळाल्याची पोच दिली आहे, म्हणजे नेटवर्कवर तो पोहोचला, पण आपल्या फाइलमध्ये नाही. असे इशारे शेकड्यांनी दिसले तर ‘अमुक गोष्ट फाइलमध्ये नाही, म्हणजे ती घडली नाही’ असे त्या फाइलवरून कधीही म्हणू नये. महत्त्वाच्या लिंकवर मिरर पोर्टऐवजी टॅप (तारेवरच बसवून प्रत काढणारे उपकरण) बसवावा.

फाइल हातात आल्यावर

मूळ फाइल वाचनापुरती कुलूपबंद करावी, हॅश घ्यावा आणि पुढचे सारे काम प्रतीवर करावे. वायरशार्कसोबत येणारा कॅपइन्फोज शा-२५६ हॅश, पहिल्या-शेवटच्या पॅकेटची वेळ, पॅकेटांची संख्या आणि पॅकेट लांबीची मर्यादा एकाच फटक्यात देतो. त्याचे आउटपुट जसेच्या तसे जपून ठेवावे. फाइल नुसती उघडल्याने बदलत नाही. पण एखाद्या पॅकेटवर टिपण लिहून साठवले की वायरशार्कच्या पीकॅप-एनजी प्रकारच्या फाइलमध्ये ते जोडले जाते आणि हॅश बदलतो. टिपणांची ही सोय खरोखर उपयोगी आहे, फक्त ती प्रतीवरच वापरावी.

आता प्रोफाइल. चौकशीसाठी वेगळे कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सेटिंग्जचा संच) करणे हे आम्ही सर्वांत आधीचे काम मानतो. वेळेचा स्तंभ मुळात ‘पहिल्या पॅकेटपासूनचे सेकंद’ दाखवतो, तो बदलून यूटीसी तारीख आणि वेळ करावा. फाइलमध्ये वेळ १९७० च्या आरंभापासूनच्या सेकंदांत यूटीसीप्रमाणे असते, पण ‘टाइम ऑफ डे’ निवडले तर तपासनिसाच्या मशीनच्या टाइम झोननुसार दिसते. दोन ठिकाणच्या दोघांनी तोच पर्याय ठेवला तर एकच पॅकेट वेगवेगळ्या वेळी घडलेले दिसेल. पकडणाऱ्या मशीनचे घड्याळ पुढे-मागे होते असे कळले तर फरक ‘टाइम शिफ्ट’ने पाहण्यापुरता दुरुस्त करता येतो. किती सेकंदांनी सरकवले ते मात्र अहवालात लिहायलाच हवे.

नावे शोधून दाखवण्याच्या पर्यायांत एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. नेटवर्क पत्त्यांची नावे दाखवा असे सांगितले की वायरशार्क फाइलमधल्या पत्त्यांसाठी सिस्टमच्या डीएनएस सर्व्हरला विचारू लागतो. हल्लेखोराच्या हातात त्या पत्त्याचा उलटा डीएनएस झोन (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदी) असेल तर कुणीतरी चौकशी करत आहे हे त्याला समजते. शिवाय आज मिळणारे नाव घटनेच्या दिवशी तेच होते याची खात्री नसते. बाहेर विचारणे बंद ठेवावे आणि ‘कॅप्चरमधील डीएनएस उत्तरे वापरा’ हा पर्याय तेवढा चालू ठेवावा. त्या वेळी त्या मशीनला जे उत्तर मिळाले तेच चौकशीत कामाचे असते. मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन बाइट्सवरून दाखवलेले कंपनीचे नावही जपून घ्यावे. पहिल्या बाइटचा दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, स्थानिक पातळीवर बनवलेला आहे. हल्लीचे फोन आणि व्हर्च्युअल मशीन सर्रास असे पत्ते वापरतात.

फाइल मोठी असेल तर वायरशार्क दमतो, आणि हा त्याचा सर्वांत जुना दोष आजही कायम आहे. लागणारी मेमरी फाइलच्या आकाराच्या कितीतरी पट होऊ शकते. काही गिगाबाइटची फाइल थेट उघडू नये. आधी टीशार्कने संशयित पत्त्यांची पॅकेट्स वेगळी काढावीत, नाहीतर सोबतच्या एडिटकॅप प्रोग्रामने वेळेनुसार तुकडे करावेत. ४०० मेगाबाइटपर्यंतचे तुकडे साध्या मशीनवरही हाताळता येतात.

मिरर पोर्टवरून आलेल्या फाइलमध्ये एकच पॅकेट दोनदा असणे नेहमीचे आहे, कारण स्विचने ते आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे उचललेले असते. वायरशार्क त्याला रिट्रान्समिशन किंवा दुहेरी पोच समजतो आणि नेटवर्क खराब असल्याचा भास होतो. आयपीचा आयडेंटिफिकेशन आकडा दोन्हींत एकच असेल आणि वेळेत काही मायक्रोसेकंदांचाच फरक असेल तर ती प्रत समजावी. एडिटकॅपचा साधा पर्याय लांबी आणि एमडी५ हॅशची तुलना मागच्या ४ पॅकेटांशी करून प्रती काढतो. पण मध्ये राउटिंग झाले असेल तर टीटीएल (पॅकेटला किती टप्पे उरले तो आकडा) आणि मॅक पत्ते बदललेले असतात, हॅश जुळत नाही आणि प्रत तशीच राहते. तिथे सुरुवातीचे काही बाइट्स दुर्लक्षित करण्याचा पर्याय वापरावा लागतो.

फाइल कोणत्या मशीनवर पकडली याची नोंद नसेल तर तेही पॅकेटांतून बऱ्यापैकी काढता येते. ईथरनेटची फ्रेम शेवटचा तपासणी आकडा वगळून किमान ६० बाइट्सची असते. नुसती टीसीपी पोच १४, २० आणि २० मिळून ५४ बाइट्सचीच होते, उरलेले ६ बाइट्स नेटवर्क कार्ड भरते. पकडणाऱ्या मशीनवरून निघालेले पॅकेट कार्डाकडे जाण्याआधीच पकडले जाते, म्हणून ते ५४ बाइट्सचे दिसते. एकाच पत्त्यावरून निघणाऱ्या फ्रेम ५४ च्या आणि त्याच्याकडे येणाऱ्या ६० च्या, असे दिसले की कॅप्चर त्या पत्त्याच्या मशीनवर झाले असण्याची दाट शक्यता. व्हर्च्युअल कार्डांवर मात्र दोन्ही बाजूंना ५४ दिसू शकते. चेकसमची (पॅकेट बिघडले का ते तपासण्याच्या आकड्याची) खूणही याच्या जोडीला असते: हिशेब कार्डाकडे सोपवलेला असल्याने बाहेर जाणाऱ्या पॅकेटांत तो चुकीचा दिसतो. ही छेडछाड नव्हे. १५१४ बाइट्सपेक्षा मोठ्या फ्रेम दिसल्या तरी कारण बहुधा हेच, कार्डाने किंवा कर्नलने तुकडे जोडलेले असतात.

शोध घेताना

सुरुवात ‘स्टॅटिस्टिक्स’ मेनूतल्या ‘प्रोटोकॉल हायरार्की’ आणि ‘कॉन्व्हर्सेशन्स’पासून करावी. पॅकेटांची यादी वरून खाली वाचत बसण्यात अर्थ नाही. कॉन्व्हर्सेशन्समध्ये बाहेर गेलेल्या बाइट्सनुसार क्रम लावला की मोठे हस्तांतर लगेच वर येते. पण तिथला आकडा हेडरसकट आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांसकट असतो. पूर्ण भरलेल्या १५१४ बाइट्सच्या फ्रेममध्ये प्रत्यक्ष डेटा १४६०, टाइमस्टॅम्पचा पर्याय असेल तर १४४८. तेव्हा ‘इतका डेटा चोरीला गेला’ असे सांगताना हा आकडा उचलून लिहू नये. एका दिशेच्या पहिल्या आणि शेवटच्या सीक्वेन्स क्रमांकातला फरक हे जास्त खरे माप आहे. फक्त ४,२९,४९,६७,२९६ बाइट्सनंतर तो क्रमांक पुन्हा शून्यावर येतो हे लक्षात ठेवावे.

डिस्प्ले फिल्टर हा या साधनाचा खरा दागिना. तरी त्यातही अर्थाचा थर आहे. ‘पत्ता अमुक नाही’ असा फिल्टर जुन्या आवृत्त्यांत जवळजवळ सगळी पॅकेट्स दाखवत असे, कारण पाठवणारा आणि घेणारा यांपैकी एक जरी वेगळा असला तरी अट पुरी होई. ३.६ पासून तो अर्थ बदलला आणि दोन्ही पत्ते वेगळे असतील तरच पॅकेट दिसते. तोच फिल्टर, तीच फाइल, आवृत्ती वेगळी, उत्तर वेगळे. अहवालात वायरशार्कची आवृत्ती न लिहिणे म्हणूनच क्षम्य नाही.

४४३ पोर्टवर टीएलएस नसलेले काही चालले आहे का, हा घुसखोरीच्या तपासातला आवडता प्रश्न. ‘पोर्ट ४४३ आणि टीएलएस नाही’ एवढाच फिल्टर लावला तर पडदा खोट्या संशयितांनी भरतो: नुसत्या पोचा आणि जोडणी सुरू करणारी पॅकेट्स तर येतातच, शिवाय मोठ्या टीएलएस रेकॉर्डचे मधले तुकडेही येतात. तुकडे जोडून झाल्यावर वायरशार्क टीएलएसची ओळख शेवटच्या तुकड्याला देतो, आधीच्यांना नाही. म्हणून संशयित स्ट्रीम घेऊन तिच्यातले डेटा असलेले पहिले पॅकेट पाहावे. टीएलएस हँडशेकचा (जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीचा) पहिला बाइट हेक्समध्ये १६ असतो. तसा नसेल तर पुढे खणावे. उलट बाजूने, ओळखीचा प्रोटोकॉल अनोळखी पोर्टवर चालत असेल तर वायरशार्क त्याला नुसता ‘डेटा’ म्हणू शकतो. ‘डीकोड ॲज’ने अर्थ लावायला सांगता येते, पण आपण सांगितले म्हणून त्याने तसा लावला, ही गोष्ट नोंदीत राहिली पाहिजे.

ठरावीक अंतराने बाहेर हाक मारणारे मालवेअर शोधायला आयओ ग्राफ (वेळेनुसार पॅकेटांचा आलेख) बरा, पण नेमकेपणा टीशार्कमध्ये आहे. संशयित पत्त्याकडे जाणारी, सिन असलेली आणि ॲक नसलेली, म्हणजे जोडणी सुरू करणारी, पॅकेट्स निवडावीत, त्यांतून रिट्रान्समिशन वगळावीत आणि ‘आधीच्या दाखवलेल्या पॅकेटपासूनचा वेळ’ हा स्तंभ काढावा. रिट्रान्समिशन न वगळल्यास १, २, ४ सेकंदांची अंतरे मिसळतात. ती मालवेअरची नसतात, उत्तर न मिळाल्याने ऑपरेटिंग सिस्टमने पुन्हा केलेल्या प्रयत्नांची असतात. अंतर अगदी समान नसले तरी एका आकड्याभोवती घोटाळत असेल तर लक्ष द्यावे. अपडेट तपासणारे प्रामाणिक प्रोग्रामही असेच वागतात, म्हणून हा आकडा एकटा पुरत नाही.

डीएनएसमधून डेटा बाहेर काढला जातो तेव्हा नावाचा एकेक भाग ६३ बाइट्सच्या आणि संपूर्ण नाव २५५ बाइट्सच्या मर्यादेकडे सरकते. एकाच डोमेनखाली हजारो वेगवेगळी, एकदाच वापरलेली नावे आणि टीएक्सटी किंवा नल प्रकारच्या विचारणा ही त्याची खूण. टीशार्कने फक्त विचारलेली नावे काढून लांबीनुसार लावली की चित्र स्पष्ट होते. विचारणा एचटीटीपीएसमधून जात असतील तर मात्र वायरशार्कला यातले काहीच दिसणार नाही.

‘फॉलो स्ट्रीम’ आणि ‘एक्स्पोर्ट ऑब्जेक्ट्स’ या दोन सोयी चौकशीत सर्वांत जास्त वापरल्या जातात. फॉलो स्ट्रीममध्ये पॅकेट गळाले असेल तिथे ‘इतके बाइट्स गायब’ असे चौकोनी कंसात येते, ते शोधून पाहावे. एक्स्पोर्ट ऑब्जेक्ट्स एचटीटीपी, एसएमबी, टीएफटीपी, एफटीपी-डेटा अशांतून फाइली बाहेर काढतो. एसएमबीच्या यादीत फाइल किती टक्के मिळाली ते लिहिलेले असते. १०० टक्के नसलेल्या फाइलचा हॅश डिस्कवरच्या फाइलशी जुळण्याची अपेक्षा ठेवू नये. बाहेर काढलेली फाइल मालवेअर असू शकते, तेव्हा हे काम नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनवरच करावे. तीच काळजी खुद्द पॅकेटांच्या फाइलबाबतही घ्यावी. वायरशार्कचे विश्लेषक सी भाषेत लिहिलेले आहेत, मुद्दाम बिघडवलेले पॅकेट त्यांना कोसळवू शकते, आणि अशा त्रुटींच्या दुरुस्त्या नियमित निघत असतात. जुनी आवृत्ती ठेवणे धोक्याचे आहे.

टीएलएसपुढे काय उरते?

इथे अपेक्षा जमिनीवर आणायला हव्यात. सर्व्हरची खासगी किल्ली दिली की सगळे उलगडते हा समज फक्त जुन्या आरएसए की-एक्स्चेंजपुरता (किल्ली ठरवण्याच्या पद्धतीपुरता) खरा होता. ईसीडीएचई (प्रत्येक सत्रासाठी नवी किल्ली ठरवण्याची पद्धत) असेल तर ती किल्ली निरुपयोगी ठरते, आणि २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्ये तो जुना मार्गच काढून टाकला आहे. उरतो तो सत्र-किल्ल्यांच्या लॉगचा मार्ग: फायरफॉक्स किंवा क्रोम सुरू करण्याआधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टमची एक सेटिंग) लावून त्या किल्ल्या एका फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या. घटना होऊन गेल्यावर हे करता येत नाही. मालवेअरचा नमुना प्रयोगशाळेत चालवून पाहताना मात्र हा मार्ग फार कामाचा आहे. एडिटकॅपने त्या किल्ल्या पीकॅप-एनजी फाइलमध्येच घालता येतात. फाइल दुसऱ्याला देताना त्यासोबत सगळा मजकूरही उघडा जातो, याचे भान हवे.

किल्ल्या नसतील तर हाती राहतात सर्व्हरचे नाव, आकार, वेळा आणि हँडशेकची ठेवण. प्रमाणपत्र टीएलएस १.२ पर्यंतच उघडे दिसते. हँडशेकच्या ठेवणीवरून काढलेले जेए३ आणि जेए४ हे ठसे वायरशार्क स्वतःच दाखवतो. क्रोम हँडशेकमधल्या एक्स्टेन्शनांचा (जोड-माहितीच्या भागांचा) क्रम दर वेळी बदलू लागल्यापासून त्याच्या बाबतीत जेए३ स्थिर राहत नाही. जेए४ आधी क्रम लावून मग ठसा काढतो, म्हणून तो टिकतो.

अलीकडची एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. क्वांटम-सुरक्षित की-एक्स्चेंजसाठी ब्राउझर आता एमएल-केईएम-७६८ या पद्धतीची १,१८४ बाइट्सची किल्ली पहिल्याच संदेशात पाठवतात. त्यामुळे क्लायंट हॅलो, म्हणजे हाच पहिला संदेश, बहुतेकदा एका पॅकेटमध्ये मावत नाही, आणि सर्व्हरचे नाव दुसऱ्या तुकड्यात जाऊ शकते. टीसीपी तुकडे जोडण्याचा पर्याय बंद असेल किंवा दुसरा तुकडा गळाला असेल तर नाव दिसतच नाही. याचा अर्थ ते लपवले होते असा काढू नये.

सोबत काय हवे

दिवसेंदिवस पाळत ठेवणे हे वायरशार्कचे काम नाही, आणि त्याच्याकडून ते करून घेण्याचा हट्ट धरू नये. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये ‘ब्रो’ या नावाने लिहायला घेतलेला आणि २०१८ मध्ये नाव बदललेला झीक प्रत्येक जोडणीची एक ओळ लिहितो. त्या नोंदी कित्येक महिने साठवता येतात, पॅकेट्स येत नाहीत. सही (हल्ल्याची ठरावीक खूण) जुळवून इशारे देण्यासाठी सुरिकाटा आणि मोठ्या पॅकेट-साठ्याची सूची करण्यासाठी आर्किमे. क्रम असा ठेवावा: सुरिकाटाचा इशारा किंवा झीकची ओळ सापडली की साठ्यातून तेवढीच पॅकेट्स काढावीत आणि ती वायरशार्कमध्ये उघडावीत. सांधा जुळवायला ‘कम्युनिटी आयडी’ आहे: दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांवरून काढलेला एक ठसा, जो या साधनांत सारखाच येतो. वायरशार्कमध्ये तो ‘एनेबल्ड प्रोटोकॉल्स’मध्ये जाऊन सुरू करावा लागतो. त्यात वेळ धरलेली नसते. तेच पोर्ट काही तासांनी पुन्हा वापरले गेले तर ठसाही तोच येतो, म्हणून वेळेची मर्यादा सोबत लावावी.

अहवालासोबत मूळ फाइलचा हॅश, कॅपइन्फोजचे आउटपुट, वापरलेले फिल्टर शब्दशः, वायरशार्कची आवृत्ती आणि प्रोफाइल द्यावे. प्रोफाइल झिप म्हणून बाहेर काढता येते. समोरच्या तपासनिसाने ते आयात केले की त्याचे स्तंभ, रंग, वेळेची पद्धत आणि टीसीपीचे पर्याय तुमच्यासारखेच होतात. ‘डीकोड ॲज’चे साठवलेले नियमही त्या प्रोफाइलमध्येच येतात, म्हणून पाठवण्याआधी तिथे मागच्या एखाद्या प्रकरणाचा नियम राहिला नाही ना, हे पाहून घ्यावे.